ब्रेकच्या दिव्याची नोटीस

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक फरक डोळ्यांदेखत घडून आला आहे. पूर्वीं ज्या घरापुढें बैलांची दावण असे, त्या घरापुढें आज उंच अंगाची चारचाकी मोटार उभी दिसते. शहरांत तिला एस. यू. व्ही. म्हणतात, आपल्याकडे अद्याप जीप म्हणण्याचीच चाल आहे. २००० सालीं बोलेरो व २००२ सालीं स्कॉर्पिओ बाजारांत आली. तसल्या किती तरी गाड्या पुण्या-मुंबईकडे आपलें पहिलें आयुष्य काढून आतां आपल्या गांवीं दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या दारांत येऊन राहिल्या आहेत. सोयाबीनचे चार पैसे हातीं येतात, नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेरची असते, तेव्हां शेतकरी जुनी गाडी घेतो. यांत गैर कांहींच नाहीं. वापरांतला बैल आपण घेत नाहीं काय? मात्र बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. आणि पुढें तो लंगडूं लागला तर त्याच दिवशीं त्याचा पाय उचलून पाहतों. गाडीच्या बाबतींत शेतकऱ्याची ही नजर कोठें जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मीं तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रविद्येशीं माझा संबंध नाहीं, आणि शिक्षणहि मराठी शाळेपुरतेंच झालें. तरी या विषयावर लिहिण्याचें धाडस करीत आहें, याचें कारण असें कीं, यांतली चूक मीं स्वतः केली आहे, आणि ती चूक आमच्या घरच्या सात माणसांच्या जिवावर बेतली होती.

गतवर्षीं माझ्या पुतण्यानें आठ वर्षें वापरलेली एक गाडी घेतली. कागद पाहण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें. नोंदणीचें पुस्तक, विमा, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, मालकी बदलण्याचे २९ व ३० नंबरचे नमुने, हें सर्व मीं सात-बारा तपासावा तसें अक्षर न् अक्षर तपासलें. चाकापाशीं मात्र मी एकदांहि वाकलों नाहीं. पावसाळा संपतां संपतां पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेकचा तांबडा दिवा लागतोय. उतारावर लागतो, सपाटीला आलें कीं जातो." गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबींत ऑइल भरलें. दिवा गेला. मिस्त्री भला माणूस; तो म्हणाला, "भाऊसाहेब, ऑइल कमी कां झालं तें बघाया पाहिजे. चारी चाकं खोलून घेऊं का?" मीं उत्तर दिलें, "दिवा गेला ना? मग कशाला चाकं खोलतां?" दोनशें रुपयांत भागलें, या समाधानांत मी घरीं आलों.

दिवाळीनंतर तुळजापुरास देवीचें दर्शन घेऊन आम्ही सोलापुराकडे निघालों. गाडींत माझी वयोवृद्ध वहिनी, सून व दोन लहान मुलें होतीं. उसाचा हंगाम चालू झाला होता. घाटांत पुढें दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर चालला होता व त्याच्या मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता. घाट उतरतांना पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्र-खर्र आवाज येऊं लागला. पुतण्यानें ब्रेक दाबला तो पायाखालीं लोण्यासारखा मऊ लागला आणि गाडी डावीकडे ओढूं लागली. त्यानें प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्यें टाकली, हँडब्रेक हळू हळू ओढला आणि कडेच्या मुरमांत गाडी उतरवून ती थांबविली. ट्रॉलीच्या उसांत व आमच्या काचेंत मोजून चार हातांचें अंतर राहिलें. वहिनी एक शब्द बोलली नाहीं. ती मुलांना घेऊन खालीं उतरली आणि एका दगडावर बसली. तिच्याकडे पाहण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

घाटाखालीं एका मिस्त्रीनें चाक खोललें, तेव्हां सर्व उलगडा झाला. डाव्या चाकाचा आंतला पॅड पार झिजून त्याची लोखंडी पाटी डिस्कला घासत होती. डिस्कवर नांगराच्या तासासारखे ओरखडे पडले होते. बाहेरचा पॅड मात्र अर्धा शिल्लक होता. दिवा पहिल्यांदा लागला त्या दिवशीं चाक खोललें असतें तर दोन हजार शंभर रुपयांच्या पॅडांवर काम झालें असतें. आतां दोन्ही डिस्का, पॅड, नवें ऑइल व मजुरी धरून दहा हजारांच्या घरांत खर्च गेला. पैशांचें दुःख नाहीं. माझ्या "कशाला खोलतां" या दोन शब्दांची किंमत त्या घाटांत काय झाली असती, हा हिशेब मला अजून सोडीत नाहीं.

आतां वाचकांनीं त्या दिव्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मला तो उशिरां समजला. बहुतेक जीप गाड्यांच्या पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन बाजूंनीं दोन पॅड चिमट्यासारखे धरतात. हा चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याला ब्रेक ऑइलचा दाब आवळतो. पॅडावरचा लेप नवा असतांना सुमारें दहा ते बारा मिलिमीटर जाड असतो, आणि तो तीन मिलिमीटरवर आला कीं पॅड बदलावा असा सामान्य नियम आहे. एक रुपयाचीं दोन नाणीं एकावर एक ठेवलीं म्हणजे सुमारें तेवढी जाडी होते. पॅड जसजसा झिजतो, तसतसा कॅलिपरमधील दट्ट्या बाहेर सरकतो, आणि त्याच्यामागें पडलेली जागा भरण्यासाठीं डबींतलें ऑइल खालीं उतरतें. म्हणजे डबींतलें ऑइल कमी होणें हीच कित्येकदां पॅड झिजल्याची पहिली बातमी असते. ऑइल ठराविक खुणेखालीं गेलें कीं दिवा लागतो. आणि उतारावर गाडी कलली म्हणजे ऑइल एका बाजूस जाऊन तो आधीं लागतो. अशा वेळीं वरून ऑइल भरलें तर दिवा विझतो, पण पॅडाची जाडी केसभरहि वाढत नाहीं. उलट पुढें नवे पॅड बसवितांना दट्ट्या मागें दाबला कीं तेंच जास्तीचें ऑइल डबीबाहेर सांडतें आणि जेथें पडेल तेथला रंग खातें.

गाडी ही सूचना आणखी दोन प्रकारांनीं देते. कित्येक पॅडांना लोखंडाची एक बारीक पट्टी लावलेली असते. लेप संपत आला कीं ती डिस्कला टेकून किर्र असा कर्कश आवाज करते. ओल्या सकाळीं डिस्कवर गंज धरल्यामुळें दोन-चार वेळां आवाज होतो व जातो, त्याची काळजी नको. परंतु रोज व सारखा येणारा आवाज ही सूचना समजावी. किर्र जाऊन खर्र-खर्र सुरू झालें म्हणजे मुदत संपली, गाडी जागेवर उभी करावी. कांहीं महागड्या गाड्यांत पॅडाच्या पोटांत एक तार असते. पॅड मर्यादेपर्यंत झिजला कीं तार घासली जाते व स्वतंत्र दिवा लागतो. त्याचें चिन्ह म्हणजे मधें एक वर्तुळ व दोन्ही बाजूंस तुटक रेघांचा कंस. ऑइल व हँडब्रेक यांच्या तांबड्या दिव्यांत वर्तुळाच्या मधें उद्गारचिन्ह असतें. तारेचा दिवा लागल्यावर पॅडांबरोबर तीहि तार नवी घालावी लागते. तारेचीं दोन टोकें एकत्र जोडून दिवा मालवून देणारे हात बाजारांत आहेत. त्यांच्यापासून दूर रहावें.

महसूल खात्यांत असतां मीं हजारों नोटिसा लिहिल्या. नोटीस म्हणजे देणें नव्हे. ती देण्याची आठवण होय. कोणी खातेदार नोटीस न घेतां कोतवालास परत पाठवी आणि बाकी टळली असें समजे. बाकी वाढत जाई, आणि शेवटीं जप्तीचा कागद दारावर चिकटविला जाई. तो खातेदार मग कचेरींत येऊन आम्हांलाच दोष देई. त्याला मीं किती वेळां सांगितलें असेल कीं, कागद परत केल्यानें बाकी फिटत नाहीं. तोच मी, गाडीनें दिलेली नोटीस दोनशें रुपये खर्चून परत पाठवून आलों. म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, दिवा विझला कीं काम झालें ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. दिवा कां लागला याचें उत्तर मिळाल्यावांचून मिस्त्रीच्या दारांतून गाडी हलवूं नये.

यावर कोणी म्हणेल, जुन्या गाडीचे दिवे नेहमींच लागतात, ते किती मनावर घ्यावे? यांत थोडें सत्य आहे. हँडब्रेकचा दांडा पुरा खालीं बसला नाहीं तरी तोच दिवा लागतो. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल तारेच्या जोडांत बसला तर खोटा दिवाहि लागूं शकतो. परंतु खोटा कोणता व खरा कोणता हें चाक खोलल्याशिवाय कळावें कसें? जो मनुष्य दहा वेळां खोटा निघाला म्हणून अकराव्या वेळीं पाहत नाहीं, त्यानें लांडग्याच्या गोष्टींतला गांव आठवावा. त्याशिवाय पॅड न झिजतांहि ऑइल कमी होऊं शकतें, तें नळींतून गळत असेल तर. ती गोष्ट तर पॅड झिजण्याहून भयंकर, कारण मग ब्रेकचा दाबच राहत नाहीं. तात्पर्य, कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी तपासणी चुकत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, मिस्त्री लोक पैशांसाठीं चांगला माल बदलावयास लावतात. ही शंका मलाहि होती, आणि तीच माझ्या चुकीच्या मुळाशीं होती. त्यावर उपाय सोपा आहे. चाक खोलतांना स्वतः शेजारीं उभें रहावें, पॅड हातांत घेऊन पहावा, आंतला व बाहेरचा असे दोन्ही पहावे. चिखल व गंज यांनीं कॅलिपरच्या पिना अडकल्या म्हणजे एकच पॅड झिजतो. म्हणून बाहेरून चाकाच्या भोकांतून डोकावून "अजून माल आहे" असें म्हणणें फसवें आहे. काढलेला जुना माल मागून घ्यावा. नवा माल खात्रीच्या दुकानांतून पावतीसह घ्यावा, आणि तो एकाच चाकाला न घालतां डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना मिळून घालावा, नाहीं तर गाडी एका बाजूस ओढते. मागच्या चाकांत ड्रम असेल तर त्याचे लायनरहि त्याच वेळीं पहावे. ब्रेक ऑइल हवेंतली ओल शोषून घेतें, म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें पुरें बदलावें. ओल मिसळलेलें ऑइल घाटांत तापून उकळतें, त्यांत वाफ होते, आणि ब्रेक मऊ पडतो. आमच्या गाडीचें ऑइल कधीं बदललें होतें हें सांगणारें कोणीच नव्हतें.

जे बांधव पुढें जुनी गाडी घेणार आहेत त्यांना एक युक्ति सांगतों. इंजिन चालू न करतां नुसती चावी फिरवावी. समोरचे सूचनेचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. मग इंजिन चालू करून हँडब्रेक सोडल्यावर ब्रेकचा दिवा विझला पाहिजे. जो दिवा मुळींच लागत नाहीं, त्याचा बल्ब काढलेला किंवा तार तोडलेली असण्याचा संभव आहे. लागलेल्या दिव्यापेक्षां असा मुका दिवा अधिक वाईट, कारण लागलेला दिवा निदान भांडतो तरी. डबींतलें ऑइल अगदीं नवें व काठोकाठ भरलेलें दिसलें, तरी विकणाऱ्यास दोन प्रश्न अधिक विचारावे. आणि सौदा ठरण्यापूर्वीं चारी चाकें खोलून दाखविण्याची अट घालावी. विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करून घेण्याविषयीं आपण जेवढे दक्ष असतों, तेवढेच या बाबतींत असावें. कागदाचा फेरफार झाला तरी झिजलेला पॅड आपोआप नवा होत नाहीं.

ब्रेक चांगला असून चालविणारा चांगला नसेल तरीहि उपयोग नाहीं. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्याचें काम चौपट होतें. आणि मागचीं आसनें दुमडून आपण जीं खताचीं व बियाण्यांचीं पोतीं भरतों, त्यांचा भार वेगळाच. तुळजापूरचा घाट असो कीं येडशीचा, तो चढावयास जो गिअर लागतो त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें आणि ब्रेकला विसावा मिळतो. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतारावर सोडणें हें तर आत्मघातकी आहे. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते व पाय कितीहि दाबला तरी तो दगडासारखा कठीण लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्यें पुण्याच्या नवले पुलापाशीं उतारावर एका मालवाहू गाडीनें अनेक वाहनें ठोकरलीं. चालकानें उतारावर इंजिन बंद केल्याचें प्राथमिक तपासांत सांगण्यांत आलें होतें. वांचलेलें डिझेल किती, आणि गेलें किती!

कित्येकांना असें वाटतें कीं गाडींत ए. बी. एस. असला म्हणजे काळजी नको. २०१९ पासून नव्या मोटारींत तो सक्तीचा झाला. त्याआधींच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत तो नाहीं. तो असला तरी त्याचें काम जोराच्या ब्रेकनें चाक जाम होऊं न देणें एवढेंच आहे. झिजलेल्या पॅडाला तो लेप कोठून आणून देईल?

मोट चालविणाऱ्या आपल्या वाडवडिलांना यंत्राचे दिवे नव्हते. नाडा व सोंदूर यांच्यावर ते रोज हात फिरवीत, आणि एक पेड उसवलेला लागला तरी मोट थांबवीत. कारण नाडा तुटला तर बैल, मोट व माणूस या सर्वांचाच घात होतो हें त्यांना ठाऊक होतें. हात फिरवून पाहण्याची ती संवय आपण मोटेबरोबर विहिरींत बुडविली कीं काय?

आपल्या संस्थेस माझी एक नम्र सूचना आहे. दर वर्षीं गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे रस्त्यावर ट्रॉल्यांची गर्दी होण्याच्या आधीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं एक भरवशाचा मिस्त्री बोलवावा, गाड्या जॅकवर चढवून चाकें खोलावीं, आणि पॅड व लायनरची जाडी, ऑइलची तारीख व डिस्कची स्थिति एका वहींत टिपून ठेवावी. ट्रॉल्यांचे मागचे दिवे व चकाकणाऱ्या पट्ट्या त्याच दिवशीं पाहून घ्याव्या, कारण घाटांत आमच्यापुढें जी ट्रॉली होती ती कोणा तरी शेतकऱ्याचीच होती. खर्च वांटून घेतला तर तो नगण्य होईल. पिकांची नजरपाहणी आपण करतों, तशी ही चाकांची पाहणी. वही लिहिण्याचें काम कोणी घेत नसेल तर आमच्या गांवापुरतें मी घेतों. तेवढी कारकुनी मला अजून येते.

माझी वहिनी त्या दिवसापासून गाडींत बसण्यापूर्वीं पुतण्याला एकच प्रश्न विचारते, "बाळा, दिवा लागतो का रे?" तो चावी फिरवितो, दिवा लागलेला व मग विझलेला तिला दाखवितो, आणि मगच ती दार लावून घेते. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीस जें कळलें, तें आम्हां कागद वाचणाऱ्यांना आधीं कळलें असतें तर फार बरें झालें असतें.